बेळगावात घरची रीफ टाकी: 14 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत घरच्या रीफ टाकीत, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायच्या टाकीत, पहिल्यांदा खारं पाणी भरलं, आता दुसरा उन्हाळा चालू आहे. या काळात निपाणी, खानापूर, अगदी चंदगडहूनही ओळखीपाळखीच्यांचे फोन आले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: समुद्रापासून इतक्या लांब, घाटावर हे जगतं का? जगतं. माझ्या अनुभवाने तर घाटावरची हवा या छंदाला किनाऱ्यापेक्षा सोयीची आहे. पण सुरुवातीला ज्यावर पैसे घालायला सांगितलं गेलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची गरज नव्हती, आणि ज्याकडे कोणी बोट दाखवलं नाही त्यानेच महिनोन्महिने सतावलं. तेवढ्यासाठी सविस्तर लिहितोय.

टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच 10 मिलिमीटर. खाली कपाटात 2 फुटी संप, म्हणजे वरचं पाणी फिरून येतं ती दुसरी टाकी. दोन्हीत मिळून प्रत्यक्ष पाणी सुमारे 190 लिटर. संपमधलं पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप, फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर, पाण्यात प्रवाह करणारे दोन वेव्हमेकर, 90 वॅटचा एलईडी आणि 100 वॅटचे दोन हीटर. 18 किलो कोरडे दगड. क्लाउनफिशची जोडी, थोड्या गोगलगाई, हर्मिट खेकडे. स्टँड मी उद्यमबागेतल्या आमच्याच मशीन शॉपमध्ये लोखंडी (एमएस) पाइपचा वेल्ड करून घेतला, वर पावडर कोटिंग. आठव्या महिन्यात वेल्डच्या सांध्यांतून गंज फुटला. खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे वाळून मीठ साचतं आणि ते कोटिंगच्या खाली शिरतं. घासून इपॉक्सी मारला, आता दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतो. नव्याने करायचा असता तर ॲल्युमिनियम सेक्शनचा केला असता.

कोरल कोणते ठेवले हे आधीच सांगतो, कारण यात कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत हे. मालवणला किंवा मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी डुबकी मारून तुकडा आणणं हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. बाहेरून आयात केलेले सगळे कठीण कोरल साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराने मला टॉर्च कोरल (हाही कठीणच) देऊ केला, वर "कागदबिगद काही लागत नाही" असं सांगितलं. लागतात. मी तो घेतला नाही. माझ्याकडे सगळे सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाचे कोरल आहेत: झोअँथिड, मशरूम, सायनुलेरिया, टोडस्टूल लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेला ग्रीन स्टार पॉलिप. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. नेत्राणीला पाण्याखाली जे पाहिलं त्यानेच मला हे वेड लागलं, म्हणून तिथलं तिथेच राहावं असं मला मनापासून वाटतं.

आई अजून टाकीला "पोवळ्याची पेटी" म्हणते. शहापूरच्या सराफाकडे अंगठीत मिळतं ते लाल पोवळं वेगळं, भूमध्य समुद्रातलं, त्याला उजेड लागतच नाही. पण घरात नाव चिकटलं ते चिकटलं.

आता पाणी. गोव्याहून कॅन भरून आणा, फुकट आहे, असं चार जणांनी सांगितलं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात नदीचं पाणी, गाळ, बोटींचं तेल काय वाट्टेल ते असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा पार उतरतो. मी टाकीसाठी मिळणारं तयार समुद्री मीठच वापरतो, स्वयंपाकाचं नव्हे. 35 च्या (हजार भागांत 35 भाग क्षार) खारटपणाला लिटरमागे 37-38 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला 7 किलो. आठवड्याला 20 लिटर पाणी बदलतो. 20 किलोची बादली सहा महिने सहज जाते.

मीठ कशात विरघळवता, यावर मात्र सगळं अवलंबून. आमच्याकडे राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, बाकी दिवस बोअर. पहिले चार महिने घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरलं. टीडीएस (विरघळलेले क्षार) 38. मशीन बघायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "नीर चलो ऐत्री." (पाणी चांगलं आहे.) माणसाला चांगलंच होतं. टाकीत मात्र वाळूवर तपकिरी धूळ बसायची, सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा हजर. ते डायटम, एक सूक्ष्म शैवाल. पाण्यातल्या सिलिकेटवर जगतात, आणि बोअरच्या पाण्यात सिलिकेट आरओतूनही थोडं सुटतं. आरओच्या पुढे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, टीडीएस 0 आला आणि तीन आठवड्यांत वाळू पांढरी झाली. आणखी एक सवय लावून घेतली: नळाला राकसकोपचं पाणी येतं त्या दिवशीच 100 लिटरचा ड्रम भरून ठेवायचा. ते पाणी हलकं, मीटरवर शंभराच्या आत. बोअरचं सहाशेच्या पुढे. बोअरवर जे रेझिन दीड महिन्यात संपायचं ते आता पाच महिने पुरतं. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आधी कार्बन फिल्टर हवाच.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मी साध्या पाण्यावर शून्याला लावत होतो. 35 दिसायचं. 35 चं तयार द्रावण मागवून तपासलं तर टाकी खरी 31 वर होती! मशीन शॉपमध्ये रोज गेज तपासूनच काम सुरू करतो, तरी घरी हे सुचलं नव्हतं. वर न्यायला आठ दिवस घेतले. एका दिवसात चढवलं असतं तर गोगलगाई पहिल्या गेल्या असत्या.

वाफ झाल्यावर वरून घालायचं ते गोडं पाणी, मीठाचं नव्हे, कारण मीठ उडत नाही. मे महिन्यात मी दोन दिवस पुण्याला होतो, बाबा पाणी घालत होते. परतलो तर खारटपणा 38. बाबा म्हणाले, "मी पांढऱ्या कॅनमधलंच घातलो रे." दोन्ही कॅन पांढरे होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आता मीठाचा कॅन निळा आहे, आणि त्याच आठवड्यात ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवला. या सगळ्या खरेदीतली सर्वांत उपयोगाची वस्तू कोणती विचाराल तर हीच.

तापमान हा माझ्या लिहिण्याचा गाभा. सगळ्यांनी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यायला सांगितलं होतं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी घरात 31-32 होतं, पण हवा कोरडी आणि रात्री गार. संपच्या तोंडावर दोन छोटे पंखे लावले, बस. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. खानापूरच्या माठात पाणी गार होतं ते याच न्यायाने. एप्रिलमध्ये रोज 5 लिटर पाणी उडतं आणि टाकी 26.5 च्या वर जात नाही. गोव्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने हेच करून पाहिलं, तिथल्या दमट हवेत पंख्याने एक अंशही धड उतरेना, त्याला चिलर घ्यावा लागला.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात आणि थंडीत असते. जुलैत घर 22 वर येतं, भिंती ओलसर, आणि डिसेंबरच्या पहाटे त्याहून खाली. हीटर एक मोठा घेऊ नका, दोन लहान घ्या. थर्मोस्टॅटचा काँटॅक्ट चिकटला की हीटर बंद होत नाही; 200 वॅटचा एकच असेल तर टाकी उकडते, 100 चा असेल तर तुमच्या हाती वेळ राहतो. दोन्ही हीटर बाहेरच्या कंट्रोलरवर आहेत, 25.5 ला लावलेले. वायर प्लगच्या खाली लोंबकळती ठेवायची, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. पावसाळी हवेत वाळलेलं मीठही ओलं होतं आणि त्यातून करंट उतरतो. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर टाकीच भरू नका.

लाईट. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात गल्लीच्या तोंडावरचं झाड तारांवर पडलं. संध्याकाळी पाचला गेलेली वीज रात्री अडीचला आली. तेव्हा माझ्याकडे बॅटरीवरचा एक हवेचा पंप होता, तेवढाच. अशा वेळी तापमान सावकाश उतरतं, पण ऑक्सिजन लवकर संपतो. रात्री दहाला क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मी आणि बायको आळीपाळीने तांब्याने पाणी वर उचलून ओतत बसलो, साडेचार तास. वाळूतला गोबी मात्र सकाळी गेलेला सापडला. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. दुसऱ्या आठवड्यात प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची बॅटरी घेतली, त्यावर फक्त रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर, मिळून 40 वॅटच्या आत. यंदाच्या वळवात सात तास वीज नव्हती आणि टाकीला कळलंही नाही. कोरल घेण्याआधी इन्व्हर्टर घ्या, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला हट्टाने सांगतो.

रंगाबद्दल. लोकांना वाटतं रंग लाईटने येतो. माझा 90 वॅटचा दिवा महागातला नाही, निळा जास्त, पांढरा कमी, रोज आठ तास. सॉफ्ट कोरलला तेवढा पुरे. कोरलच्या पेशींत सूक्ष्म तपकिरी शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवून कोरलला पोसतं. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट फार झालं की हे शैवाल दाटतं आणि कोरल मळकट दिसतो. अगदीच संपलं की शैवाल उपाशी आणि कोरल फिका. हे मला पुस्तकी माहीत होतं, तरी गणपतीत घर भरलं असताना पाणी काचेसारखं दिसावं म्हणून फॉस्फेट शोषणारं मीडिया (फिल्टरमधले दाणे) घातलं. महिन्याभरात दोन्ही आकडे शून्य. झोअँथिडचे नारिंगी कडे फिकट झाले, तोंडं मिटली, आणि दगडांवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली दोऱ्यासारखी घाण लोंबायला लागली. हे डायनोफ्लॅजेलेट, आणखी एक सूक्ष्म शैवाल. स्वच्छ केलं की वाढतं असं हे संकट. मीडिया काढलं, माशांना दिवसातून तीनदा खायला घातलं, तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार केला. सात आठवडे लागले. आता नायट्रेट 5 ते 8 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास ठेवतो, अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) 8 डीकेएच, आणि रंग पूर्वीपेक्षा गडद आलाय.

टोडस्टूल लेदरचं एक सांगायलाच हवं. जानेवारीत तो एका सकाळी मिटला. एरवी टोपीवर गव्हाच्या ओंब्यांसारखे पॉलिप (कोरलची बारीक तोंडं) डोलत असतात. ते सगळे आत, टोपी गुळगुळीत, वर मेणासारखी चमक. पाच दिवस तसाच. सगळे आकडे तपासले, सगळे ठीक. सहाव्या दिवशी सुरकुतलेला राखाडी पापुद्रा दिसला, हाताने ओढावासा वाटत होता, ओढला नाही. वेव्हमेकर थोडा त्याच्याकडे वळवला. दुपारी पापुद्र्याची एक कड सुटली, मग दुधावरची साय बोटाने उचलावी तशी ती अख्खी एका बाजूने वर आली आणि प्रवाहात निघून गेली. खाली नवी, पिवळसर, मखमली कातडी. संध्याकाळपर्यंत पहिले दहा-बारा पॉलिप बाहेर. लेदर कोरल अशी कात टाकतात, अंगावर चढलेलं शेवाळ आणि घाण त्यातून उतरवतात. मिटलेला लेदर मेला समजून फेकून देणारे लोक मी पाहिलेत.

धोक्याची एक गोष्ट: काही झोअँथिडमध्ये, विशेषतः त्यातल्याच पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कापू नका, बोटाला जखम असताना टाकीत हात घालू नका, आणि झोअँथिड असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. त्या वाफेने अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर झाकणाला कुलूप लावा. आणि टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे अजिबात नको.

खर्च: इन्व्हर्टर धरून 1 लाख 15 हजारांच्या आसपास गेले. वीज रोज तीन ते चार युनिट. वेळ रोज 15 मिनिटं आणि रविवारचे दोन तास. मीठ, रेझिन, टेस्ट किट मिळून महिन्याला दोन हजार धरा.

ग्रीन स्टार पॉलिप आता काच सोडून दगडावर चढू पाहतोय, त्याला कात्री लावावी लागते. निपाणीच्या मित्राला त्याचा आणि सायनुलेरियाचा तुकडा हवा आहे. परवा तो थर्मोकोलचा डबा घेऊन निघालाच होता. टाकीला किती दिवस झाले विचारलं तर तीन आठवडे, अमोनिया 0, पण नायट्राइट अजून दिसतंय, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत अजून पुरते रुजलेले नाहीत. त्याला थांबायला सांगितलंय. नायट्राइट शून्यावर आलं की त्यानंतर पंधरा दिवसांनी तुकडा मी स्वतःच घेऊन जाणार आहे.