बेसबॉल सॅव्हंट: ऑपरेशननंतरचा पिचर पारखायला कितपत कामाची?

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन (फाटलेला लिगामेंट म्हणजे अस्थिबंध नव्याने बसवणं) झालं की तो साधारण बारा ते अठरा महिने मैदानाबाहेर असतो. परतल्यावर दोन-चार सामने झाले की लगेच चर्चा सुरू: हा पूर्वीसारखा राहिला नाही, जुलै संपायच्या आत ट्रेड करून (दुसऱ्या संघाला देऊन) टाका. तो खरंच पूर्वीसारखा राहिला आहे का, हे घरबसल्या तपासायला एमएलबी या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची बेसबॉल सॅव्हंट ही वेबसाइट सगळ्यात भरवशाची आहे. पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही. मात्र कुठला रकाना बघायचा हे माहीत नसेल, तर तिथले आकडे तितक्याच सहज फसवतात.

माहिती येते स्टॅटकास्ट या चेंडू मोजणाऱ्या यंत्रणेतून. ती २०१५ पासून तिसही संघांच्या मैदानांवर आहे. २०२० पासून तिच्यासाठी हॉक-आयचे कॅमेरे वापरतात. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना चेंडूची रेषा दिसते, तीही बहुतेक ठिकाणी याच कंपनीची. प्रत्येक चेंडूचा वेग, तो हातातून नेमका कुठे सुटला, किती फिरला, किती वळला, सगळं नोंदलेलं असतं.

खेळाडूचं पान उघडलं की वरच लाल-निळे गोल दिसतात. ऑपरेशनमधून परतलेल्या पिचरसाठी ते सरळ सोडून द्या. ते इतर पिचरांशी तुलना करतात, आणि आपल्याला तुलना हवी आहे त्याच माणसाच्या जुन्या हाताशी. पान खाली सरकवून चेंडूच्या प्रकारांचा वर्षवार तक्ता गाठा. खरा ऐवज तिथे आहे.

ख्रिस सेल या पिचरचं पान नमुना म्हणून घ्या. ऑपरेशन मार्च २०२० मध्ये झालं, त्यामुळे २०२० ची ओळच नाही. २०२१ मध्ये नऊ सामने. २०२२ मध्ये फक्त दोन, आणि नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे, कारण त्या वर्षीच्या गैरहजेरीचा कोपराशी संबंधच नव्हता. आधी बरगडीचं हाड, मग चेंडू लागून मोडलेलं बोट, मग सायकलवरून पडून मोडलेलं मनगट. सॅव्हंट यातलं काहीही सांगत नाही. दुखापतीची साधी खूणसुद्धा तक्त्यात नसते, नुसतं रिकामं वर्ष दिसतं. ही या साइटची मोठी उणीव आहे.

आता २०२३ ची ओळ. २० सामने, ईआरए (नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यामागे पिचरच्या खाती पडणाऱ्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) ४.३०. एवढंच पाहिलं तर म्हातारा झालेला, महागडा पिचर. पण फोर-सीमचा, म्हणजे सरळ वेगवान चेंडूचा, वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास होता, म्हणजे आपल्या हिशोबाने १५१ किलोमीटर. ऑपरेशनआधीच्या २०१९ पेक्षा तो कमी नव्हता. १०२.२ इनिंगमध्ये (एका इनिंगमध्ये तीन बाद, .२ म्हणजे आणखी दोन बाद) १२५ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, आणि अवघे २९ वॉक, म्हणजे चार चुकीचे चेंडू टाकून फुकट दिलेले बेस. हात जाग्यावर होता. त्याच्या बॉस्टन संघाने ३० डिसेंबर २०२३ रोजी त्याला अटलांटाला दिलं, वर १ कोटी ७० लाख डॉलर दिले, आणि बदल्यात व्हॉन ग्रिसम हा खेळाडू घेतला. २०२४ मध्ये सेलने १८ विजय, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउटसह सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. हे सगळं आधीच ठरलेलं होतं असं कुणी म्हणू नये. पण अटलांटाचा जुगार आंधळा नव्हता, आणि हे त्या एका ओळीवरून दिसतं.

वर्षाची सरासरी कळली की पुढचं काम याच साइटवरच्या स्टॅटकास्ट सर्चचं. प्लेअर टाइपमध्ये पिचर निवडा, पिचरचं नाव टाका, सीझनमध्ये ऑपरेशनआधीचं शेवटचं पूर्ण वर्ष आणि नंतरचं वर्ष घ्या, पिच टाइपमध्ये फक्त फोर-सीम ठेवा. ग्रुप बायमध्ये खेळाडू आणि सामना असा पर्याय आहे, तो घेतला की सामनावार सरासरी मिळते. मग इनिंगचं फिल्टर लावून पहिली इनिंग वेगळी काढा, पाचवी वेगळी. परतलेल्या पिचरचा पहिल्या इनिंगमधला वेग उत्साहाने वाढलेला असतो. त्यावर विसंबू नका. दोन इनिंगमधला फरक जुन्या वर्षी किती होता आणि आता किती आहे, ते पाहा. पुनरागमनातल्या एक-दोन इनिंगच्या खेळाची तुलना जुन्या सहा इनिंगच्या सरासरीशी कधीच करू नका.

वेगाइतकीच चेंडू सुटण्याची जागा महत्त्वाची. सर्चच्या निकालाची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) उतरवली की रिलीज पॉस झेड हा रकाना उंची सांगतो. माप फुटांत आहे, ०.२५ चा फरक म्हणजे तीन इंच. उंची सामन्यागणिक खाली येत असेल, तर हात थकतोय किंवा पिचर कोपर सांभाळून टाकतोय, अशी शंका घ्यायला जागा आहे. रिलीज पॉस एक्स ही आडवी जागा, तीही समोर चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या बाजूने मोजलेली, त्यामुळे उजव्या पिचरचे आकडे उणे येतात. तो आकडा हलला पण हाताचा कोन तोच राहिला, तर पिचर बहुधा रबरावर (चेंडू टाकताना पाय टेकवायच्या पट्टीवर) दुसरीकडे उभा राहिलाय. रबर २४ इंच रुंद असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वेग कमी झाला म्हणजे हात गेला, असंही नाही. जेकब डीग्रॉम हा पिचर ऑपरेशनआधी ताशी ९९ मैलांच्या घरात टाकायचा. २०२५ मध्ये तो ९७ ते ९८ च्या दरम्यान राहिला आणि ३० सामन्यांत १७२.२ इनिंग टाकून गेला. वेगाचा रकाना नेहमी इनिंगच्या रकान्याशेजारी ठेवून वाचावा.

तांत्रिक खोडी तीन. २०१७ पूर्वीचे वेग जुन्या यंत्रणेचे आणि अंदाजाने जुळवलेले आहेत, त्यामुळे २०१६ आणि २०१७ मधला अर्ध्या-एक मैलाचा फरक सोडून द्या. सीएसव्हीत एका वेळी २५,००० च्या वर ओळी उतरत नाहीत. आणि मोबाइलवर तक्ते आडवे सरकवत बसावे लागतात, लॅपटॉप घ्या.

परतण्याआधी पिचर मायनर लीगमध्ये (एमएलबीच्या खालच्या स्तरांवर) जे सराव-सामने खेळतो, तेही इथे अर्धवटच मिळतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या ट्रिपल-एचा डेटा २०२३ पासून आहे, खालच्या बहुतेक लीगचा नाही. पिचरला अशा रिहॅबसाठी (दुखापतीनंतरच्या सरावासाठी) साधारण तीस दिवस मिळतात, आणि त्यातले पहिले सामने अनेकदा त्या खालच्या लीगमध्येच होतात.

कोपराच्या आत काय चाललंय, हे मात्र सॅव्हंट कधीच दाखवणार नाही. २९ जुलै २०१६ रोजी सॅन डिएगोच्या संघाने कॉलिन रेया या पिचरला मायामीकडे ट्रेड केलं. दुसऱ्याच दिवशी, पहिल्याच सामन्यात, चौथ्या इनिंगमध्ये तो कोपर दुखून बाहेर पडला. मायामीने त्याला परत पाठवलं आणि बदल्यात दिलेला लुईस कास्टिलो परत घेतला. रेयाचं टॉमी जॉन ऑपरेशन त्याच वर्षी झालं. त्याच जुलैमधल्या ड्रू पोमरान्झ या दुसऱ्या पिचरच्या ट्रेडमध्ये वैद्यकीय माहिती पूर्ण दिली नाही म्हणून सॅन डिएगोचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना लीगने तीस दिवस निलंबित केलं. संघाच्या डॉक्टरांनाही कागद अपुरे मिळू शकतात, तर आपण आकड्यांवरून कोपराचा निकाल देऊ नये.

शिफारस मात्र ठाम आहे: पाचपैकी साडेचार, अर्धा गुण दुखापतीच्या नोंदी नसल्याबद्दल कापला. सर्चमध्ये लावलेली सगळी फिल्टर पानाच्या वेब-पत्त्यातच साठतात, म्हणून एकदा नीट मांडणी करून ते पान बुकमार्क करा आणि पुढच्या वेळी फक्त नाव बदला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सामने उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. सॅव्हंटच्या गेमफीड या थेट सामन्याच्या पानावर त्या दिवसाचा वेग आणि हंगामाच्या सरासरीशी असलेला फरक सामना चालू असतानाच दिसतो. फरक उणे दोन मैलांच्या खाली गेला, तर पुढच्या इनिंगला तोच पिचर पुन्हा येतो का, ते बघत राहा.