गूगल कीवर्ड प्लॅनर: शब्द शोधायला उत्तम, निवडायला अपुरा

लोक गूगलवर कोणते शब्द किती वेळा शोधतात ते दाखवणाऱ्या कीवर्ड प्लॅनरमध्ये ‘कॉम्पिटिशन: लो’ (स्पर्धा कमी) दिसलं की तो शब्द उचला, लेख लिहा, पहिल्या पानावर याल. नवख्यांना हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. त्या रकान्याचा सर्चच्या नैसर्गिक निकालांशी काही संबंध नाही. त्या शब्दावर जाहिरात करायला किती जाहिरातदार उतरले आहेत, एवढंच तो सांगतो. ‘मुतखडा कशामुळे होतो’ असल्या माहितीपर प्रश्नावर विकण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तिथे ‘लो’ दिसू शकतं. प्रत्यक्षात त्याच प्रश्नाच्या निकालात रुग्णालयं आणि आरोग्यविषयक मोठी संकेतस्थळं ठाण मांडून बसलेली असतात.

हे साधन मुळात जाहिरातदारांचं आहे, ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याचे गुणदोष नीट कळतात. २०१३ साली जुन्या कीवर्ड टूलची जागा त्यानं घेतली, आणि तेव्हापासून ते जाहिरातींच्या खात्यातच आहे. वापरायला मोफत असलं तरी गूगल अ‍ॅड्सचं खातं एक्स्पर्ट मोडमध्ये पूर्ण उघडावं लागतं, त्यात पैसे भरण्याचा तपशीलही येतो. वाटेत कॅम्पेन (जाहिरात मोहीम) तयार करायला लावलं तर ते करून लगेच ‘पॉज’ करावं. हे विसरलात तर मोफत संशोधनाचं बिल येईल.

आत गेल्यावर ‘डिस्कव्हर न्यू कीवर्ड्स’मध्ये एका वेळी १० बीजशब्द (ज्यांवरून साधन नवे शब्द सुचवतं ते सुरुवातीचे शब्द) टाकता येतात. दहाच्या दहा भरू नयेत. एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द दिले तर यादी नेमकी येते. वेगवेगळ्या विषयांचे दिले तर खिचडी होते. शब्दांऐवजी संकेतस्थळ देण्याची सोय मात्र खरोखर उत्कृष्ट आहे. प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या चांगल्या लेखाचा पत्ता द्यावा आणि संपूर्ण साइटऐवजी ‘फक्त हे पान’ निवडावं. आपल्याला न सुचलेले, पण लोक प्रत्यक्ष वापरतात असे शब्द इथे हाती लागतात. त्याआधी वरच्या पट्टीतला देश आणि भाषा तपासावी. तिथली निवड चुकली तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी.

आता आकड्यांकडे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला २०१६ पासून नेमके आकडे मिळत नाहीत, ‘१ हजार ते १० हजार’ अशा श्रेणी मिळतात. खालच्या आणि वरच्या टोकात दहापट फरक! दोन शब्दांतला कोणता घ्यायचा, हे अशा श्रेणीवरून ठरवता येत नाही. खर्च करणाऱ्यांना आकडा दिसतो, पण तोही गोळाबेरीज केलेला असतो. शिवाय एकवचन-अनेकवचन, चुकीचं स्पेलिंग, जवळची रूपं यांना बऱ्याचदा एकत्र करून प्रत्येकासमोर तोच एकूण आकडा छापला जातो. ‘कॅमेरा बॅग’ आणि ‘कॅमेरा बॅग्ज’ दोन्हींसमोर ५,००० दिसले तर एकूण मागणी १०,००० नव्हे, ५,०००च. एक्सेलमध्ये रकान्याची बेरीज मारून क्लायंटला बाजारपेठ दाखवणारे अहवाल इथेच फसतात.

सरासरीचा घोळ वेगळा. दाखवलेला आकडा १२ महिन्यांची सरासरी असतो. वर्षातल्या एकाच महिन्यात १२,००० वेळा शोधला जाणारा शब्द आणि दर महिन्याला १,००० वेळा शोधला जाणारा शब्द, दोन्हींसमोर १,०००च दिसतात. यावर उपाय म्हणजे यादी डाउनलोड करणं. त्या फाइलमध्ये महिनावार रकाने असतात. फाइल एक्सेलमध्ये एकाच रकान्यात कोंबलेली उघडली तर ती बिघडलेली नाही. नावात सीएसव्ही असलं तरी आत स्वल्पविरामांऐवजी टॅब असतात आणि एन्कोडिंग यूटीएफ-१६ असतं. इम्पोर्ट करताना हे दोन्ही निवडावं आणि वरच्या दोन ओळी वगळाव्यात.

‘टॉप ऑफ पेज बिड’चे, म्हणजे निकालाच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार लावतात त्या बोलीचे, दोन रकाने दुर्लक्षित राहतात, आणि लेखकांसाठी तेच सर्वांत कामाचे. बोली चढी म्हणजे त्या शब्दामागे खरेदीची तयारी असलेला माणूस आहे. मागणी कमी पण बोली जास्त असलेला शब्द विक्रीच्या पानासाठी राखून ठेवावा.

श्रेणी फोडून नेमक्या आकड्याजवळ जाण्याचा एक भरवशाचा मार्ग आहे, मात्र तो प्लॅनरच्या बाहेरचा. आपलं पान ज्या शब्दावर सातत्यानं पहिल्या तीन जागांत असतं, त्याचे सर्च कन्सोलमधले (आपली साइट गूगलच्या निकालात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) एका देशातले मासिक इम्प्रेशन, म्हणजे निकालात पान किती वेळा दिसलं तो आकडा, घ्यावेत. त्या शब्दाच्या खऱ्या मागणीच्या जवळचा आकडा मिळतो. मग गूगल ट्रेंड्समध्ये (शब्दांची मागणी ० ते १०० अशा सापेक्ष आकड्यांत दाखवणारं साधन) तो शब्द आणि अनोळखी शब्द शेजारी ठेवावेत, देश आणि कालावधी तोच ठेवून. ओळखीच्या शब्दाचे २,००० इम्प्रेशन असतील, ट्रेंड्सवर त्याची सरासरी ४० आणि दुसऱ्याची ६० असेल, तर दुसऱ्याची मागणी ३,०००च्या आसपास. दोन्ही ‘सर्च टर्म’ म्हणूनच टाकावेत, एक ‘टॉपिक’ (एका विषयाचे अनेक शोध एकत्र) झाला तर तुलना संपली. एकशब्दी-द्विशब्दी व्यापक शोधांना ही युक्ती लावू नये, कारण ट्रेंड्स तो शब्द असलेले लांबलचक शोधही मोजतं. तीन-चार शब्दांच्या वाक्प्रयोगांवर ती चांगली चालते.

सशुल्क साधनांतला ‘डिफिकल्टी’ (नैसर्गिक निकालांत वर येणं किती अवघड) हा आकडा प्लॅनरच्या स्पर्धेपेक्षा उपयोगी आहे, पण प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं असतं. एका साधनातले ३० आणि दुसऱ्यातले ३० यांची तुलना करू नये.

जुनी साइट असेल तर प्लॅनर उघडण्याआधी सर्च कन्सोल उघडावा. तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो. सरासरी स्थान ८ ते २० असलेले आणि इम्प्रेशन भरपूर असलेले शब्द गाळून घ्यावेत, कारण गूगल आपल्याला तिथे आधीच दाखवतंय. पडद्यावर १,०००च ओळी मिळतात, म्हणून एकेका पानाचा फिल्टर लावून वेगवेगळी निर्यात करावी. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळणार नाही.

जाहिरात करणाऱ्यासाठी प्लॅनरला पर्याय शोधायची गरज नाही. लेख लिहिणाऱ्यानं त्यातून शब्द घ्यावेत, बोली पाहावी, स्पर्धेचा रकाना लपवून टाकावा, आणि शेवटी निवडलेला प्रत्येक शब्द स्वतः सर्च करून पहिले दहा निकाल उघडून पाहावेत. दहापैकी आठ दुकानांची पानं असतील तर तिथे माहितीपर लेख चालणार नाही, आकडा कितीही मोठा असो.