‘शेवटचा स्टॉक’ म्हणून घेतलेल्या सहा बाटल्या

माझे केस कुरळे आणि कोरडे. कित्येक वर्षं एकच कंडिशनर लावत होते आणि कंपनीने ते बंद केलं. त्याच नावाचं ‘नवीन, सुधारित’ आलं, पण ते लावल्यावर केसांचा काथ्या व्हायचा. मग मी जुन्याच्या शोधात लागले. आणि शोधणाऱ्याची निकड ओळखणारे लोक असतातच.

ऑनलाइन एक विक्रेता भेटला. “ताई, ओरिजिनल जुना माल आहे, सहाच उरल्यात, अजून दोघी विचारतायत.” बॅच नंबरचा, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला ते सांगणाऱ्या आकड्याचा, फोटो मागितला, तर त्याने बाटलीचा समोरून काढलेला छान फोटो पाठवला. कमिशन वाचावं म्हणून पैसे ॲपवरून नकोत, थेट खात्यात टाका म्हणाला. टाकले. सहाही घेतल्या, वर मूळ किमतीच्या दुप्पट देऊन.

बाटल्या आल्या, लेबल हुबेहूब. आतलं मात्र पातळ, आणि वास असा की शेजारच्या खोलीतही कळावं. तिसऱ्या वेळी डोकं धुतल्यावर कानामागे खाज सुटली. तरी मी काय केलं? दुसरी बाटली उघडली! पाणी बदललं असेल, वय झालं असेल, माझेच केस बदलले असतील. सगळ्यांवर संशय घेतला, बाटली सोडून.

शेवटी माळ्यावरची जुनी रिकामी बाटली काढून शेजारी ठेवली. जुनीवर बॅच नंबर तळाशी, बारीक ठिपक्यांनी वेगळा मारलेला. नव्या सहांवर तो लेबलाच्याच शाईत, लेबलासोबतच छापलेला. घटकांच्या यादीत दोन स्पेलिंगं चुकलेली. हे पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं.

तक्रार केली तर म्हणाला, “जुना माल, पातळ होणारच.” जुनं क्रीम बिघडतं हे खरं, पण तेव्हा बहुतेक वेळा पाणी आणि तेलकट भाग वेगळे होतात. दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक. थेट खात्यात टाकलेले पैसे परत मिळवून द्यायला मध्ये कुणी नव्हतं.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. कंडिशनरमध्ये पाणी घालून ते वाढवलं, तर त्यातलं जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं, आणि अशा ओल्या मिश्रणात जंतू सहज वाढतात. आणि समजा माल खरा असता, तरी तो किती जुना? बाटलीवरच्या उघड्या डबीच्या चित्रात ‘12एम’ लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर 12 महिने. बंद बाटलीचंही आयुष्य संपतंच. म्हणजे मी दुप्पट पैसे मोजून मुदत संपत आलेली वस्तूच मागत होते.

पर्याय त्या रिकाम्या बाटलीनेच दिला. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. 1 टक्क्याहून कमी असलेले मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून शेपटाकडची फुलंपानं सोडून पहिले चार घटक पाहिले : पाणी, सिटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, अमोडायमेथिकोन (केस गुळगुळीत करणारं सिलिकॉन). यातलं अल्कोहोल केस वाळवणारं नाही, मेणासारखं मऊ करणारं आहे. आणि नावात सल्फेट असलं तरी ते मेथोसल्फेट शाम्पूतल्या फेसाच्या सल्फेटसारखं नाही, गुंता सोडवणारं आहे. ‘सल्फेट-फ्री’च हवं या हट्टापायी मी आधी असे दोन चांगले पर्याय नाकारले होते, तेही सांगून टाकते.

असाच क्रम असलेलं एक साधं कंडिशनर मिळालं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबले, मग केसांना लावलं. गुंता सुटतो. वास मात्र तो नाही, आणि त्याची चुटपुट आहे.

उरलेल्या चार बाटल्यांचे फोटो आणि सगळी चॅट तक्रारीसाठी जपून ठेवली, आतलं फेकलं आणि बाटल्या कात्रीने कापल्या. अख्ख्या टाकल्या असत्या तर कुणीतरी पुन्हा भरून विकल्या असत्या. जुनी रिकामी बाटली परत माळ्यावर ठेवली आहे.