एक्सएफसीईचे आठ महिने आणि हाती न लागणारी कड

बाबांचा लॅपटॉप 2014 चा. चार जीबी रॅम, 1366 बाय 768 चा स्क्रीन. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट संपले आणि दुकानदार म्हणाला, "यावर 11 चढणार नाही, नवीनच घ्या." प्रोसेसर जुना, 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं होतं. पण सोसायटीची पत्रं टाइप करायला आणि हिशेब ठेवायला चाळीस हजार घालवणं मला पटेना. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि झुबंटू 24.04 हे लिनक्स टाकलं. म्हणजे एक्सएफसीई 4.18 हा हलका डेस्कटॉप, सोबत विंडोंचं रूप ठरवणारी ग्रेबर्ड थीम.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, कारण तक्रारच नाही. मराठी टायपिंगही सोपं निघालं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर मराठी इन्स्क्रिप्ट जोडलं की झालं, वेगळं काही टाकावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात मी खूश होतो.

मग बाबांचा फोन आला. "अरे, ही विंडो लहान करायची कशी? कड धरायला गेलं की मागचंच काहीतरी क्लिक होतंय."

बाबांचं वय बहात्तर, उजवा हात थोडा थरथरतो. ते एका बाजूला बँकेचं पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला लिब्रेऑफिसची शीट उघडून नोंदी जुळवतात. त्यासाठी विंडोची रुंदी सतत कमी-जास्त करावी लागते. ग्रेबर्डमध्ये विंडोची कड जेमतेम एक पिक्सेलची आहे, आणि एक्सएफसीईत कड जेवढी दिसते तेवढीच पकडता येते. घरी गेल्यावर मी शेजारी बसून पाहिलं. बाण कडेजवळ यायचा, दुहेरी बाणाचं चिन्ह क्षणभर चमकायचं आणि बोटाचा दाब पडेपर्यंत बाण पुढे गेलेला असायचा. सात-आठ वेळा असं झालं. शेवटी बाबांनी टचपॅडवरून हात उचलला आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी मला एक्सएफसीईचा मनापासून राग आला.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. सेटिंगच्या विंडो मात्र सहज धरता येतात. त्या स्वतःची चौकट स्वतःच काढतात आणि त्यांच्या सावलीतही पकड मिळते. लिब्रेऑफिस आणि थुनार (फाइली बघायचा प्रोग्राम) यांची चौकट एक्सएफडब्ल्यूएम, म्हणजे एक्सएफसीईचा विंडो सांभाळणारा भाग, काढतो, तिथे तो एकच पिक्सेल. बाबांना वाटायचं आपलंच चुकतंय.

"बाबा, आल्ट दाबून धरा आणि उजवं बटण दाबून ओढा, कड शोधायलाच नको," असं मी शिकवलं. हा उपाय माझ्यासाठी उत्तम आहे, विंडोत कुठेही धरा, जवळचा कोपरा हलतो. पण टचपॅडवर उजवं बटण दाबून ठेवून ओढणं त्यांच्या हाताला जमेना. विंडो स्क्रीनच्या कडेला नेली की अर्ध्यात बसते, तेही दाखवलं. पण त्यांना पीडीएफ एक तृतीयांश हवं असतं.

जानेवारीत मी हरलो आणि आठवडाभर प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप लावून पाहिला. तिथे कडेबाहेरचा न दिसणारा पट्टाही पकडीत येतो, त्यामुळे बाबांना ते पहिल्याच दिवशी जमलं. पण चार जीबीत फायरफॉक्स आणि शीट एकत्र उघडली की सगळं अडखळायचं. शिवाय मेनू आणि पॅनेलची जागा पुन्हा नव्याने शिकायची. 2011 साली ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपची 3 ही आवृत्ती आल्यावर वैतागून खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स एक्सएफसीईकडे वळला होता आणि नंतर ग्नोमकडे परत गेला. अशा येण्याजाण्याची ताकद बाबांमध्ये नाही, आणि त्यांनी ती का लावावी?

म्हणून परत एक्सएफसीई, आणि इथे माझं मत बदललं. कडेची रुंदी ठरवणारा आकडा सेटिंगमध्ये कुठेच नाही, कारण ती थीममधल्या चित्रांच्या मापावरून ठरते. तयार जाड थीम घेतल्या तर वरची पट्टीही जाड होते आणि 768 ओळींच्या स्क्रीनवर तेवढी जागा परवडत नाही. मग ग्रेबर्डची नक्कल होम फोल्डरमधल्या थीम्सच्या लपलेल्या फोल्डरात ठेवली आणि फक्त डावी, उजवी, खालची कड व खालचे दोन कोपरे बदलले. प्रत्येकाचं सक्रिय आणि निष्क्रिय असं वेगळं चित्र, म्हणजे दहा चित्रं. सगळी सात पिक्सेलची केली. कोपऱ्यांचं माप कडेशी जुळलं नाही तर चौकट तुटकी दिसते, पहिल्या खेपेला माझी तशीच झाली होती. दोन तास गेले, पैसा एकही लागला नाही. नक्कल होम फोल्डरात असल्यामुळे अपडेटने ती पुसली जात नाही.

तेव्हापासून कडेसाठी बाबांचा फोन आलेला नाही. गेल्या महिन्यात त्यांनी वर्षाचा ताळेबंद एकट्याने पूर्ण केला.

तरीही एक तारा मी राखून ठेवतोय. 1996 पासून चाललेल्या, जुन्या मशीनचा आधार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेस्कटॉपमध्ये कडेच्या रुंदीसाठी एक सरकपट्टी हवीच. जुनी मशीन बऱ्याचदा म्हाताऱ्या हातांतच असतात, आणि प्रत्येकाच्या घरी दहा चित्रं बदलून देणारं कुणी नसतं. तुमच्या आईवडिलांसाठी एक्सएफसीई लावणार असाल तर पहिल्याच दिवशी त्यांना एक विंडो लहान करायला सांगा आणि हात बघा.