हॉलचा मॅनेजर की स्वतःचा कोऑर्डिनेटर?

ठाण्यात लग्नासाठी हॉल बुक करताना "आमचा मॅनेजर असतो ना" असं ऐकायला मिळतं. तो असतोच, पण हॉलसाठी. जनरेटर, एसी, पार्किंग, जेवणाच्या पंगती आणि हॉल वेळेत रिकामा होणं ही त्याची कामं. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं कार्य असेल, तर त्याचं अर्धं लक्ष तिकडे जाणार.

आपण नेमलेला कोऑर्डिनेटर माणसांच्या मागे असतो. गुरुजी निघाले का, मेकअपवाली पोचली का, अंतरपाट आणि अक्षता कुणाकडे आहेत, घोडबंदर रोडवर वऱ्हाडाची बस अडकली तर मुहूर्ताआधी नवरदेवाला वेगळ्या गाडीने कसं आणायचं, हे सगळं तो बघतो. नाहीतर हे फोन मुलीची आईच घेत बसते आणि मंगलाष्टकांना उभी राहते तेव्हा ती पार थकलेली असते. मला हे फार खटकतं.

रात्री १० ला मॅनेजर लाउडस्पीकर बंद करणारच, नियमच आहे. संगीत त्याआधी आटपेल असं वेळापत्रक आखणं मात्र कोऑर्डिनेटरचं काम.

लग्न सकाळचं, एकाच हॉलमध्ये, आणि घरात एखादा खमका मामा असेल, तर मॅनेजर पुरतो. सीमंतपूजन आदल्या संध्याकाळी ठाण्यात आणि रिसेप्शन वाशीला असेल, तर मी कोऑर्डिनेटरच घेईन. सगळी तयारी आपली झालेली असेल, तर फक्त लग्नाच्या दिवसापुरता नेमला तरी चालतो. ॲडव्हान्स देण्याआधी दोघांचीही कामं लेखी घ्या.