साडेसात हजारांचं राजरक्त: पत्रिका छापणाऱ्याचा अभिप्राय

फ्रेम चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. लाकूड सागवान नाही, एमडीएफवर सोनेरी फॉइल आहे. पण कोपरे नीट जुळलेत, काच स्वच्छ आहे, मागे टांगायला दोन कड्या आहेत. बडोद्यात अशी फ्रेम आठशे-हजाराला पडते. म्हणजे उरलेल्या साडेसहा हजारांचा हिशोब लागत नाही, तो इथे मांडतो.

‘तुमच्या घराण्याचं लपवलेलं राजरक्त शोधून देतो’ अशी जाहिरात करणारी ही ऑनलाइन सेवा. नाव देत नाही, ज्यांना ती जाहिरात दिसत असेल त्यांना कळेलच. साध्या पॅकेजला साडेसात हजार, गालाच्या आतून कापूस फिरवून पाठवायची डीएनए तपासणी घेतली तर एकवीस हजार. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या मावसभावाने, साधं पॅकेज घेतलं. ते मला समजलं कारण मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला ते दांडिया बाजारात माझ्याकडे आले आणि वरच्या नावाआधी ‘श्रीमंत’ आणि मधोमध मोर्तब हवं म्हणाले. पुरावा म्हणून फ्रेम सोबतच आणली होती.

आता ही सेवा चालते कशी ते बघा. एक फॉर्म भरायचा. आडनाव, मूळ गाव, पणजोबांपर्यंतची नावं, आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न: ‘घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एखादी गोष्ट आहे का?’ धंदा सगळा या प्रश्नात आहे. अण्णांनी लिहिलं, ‘पणजोबा रात्री नवसारीहून आले, पूर्वीचं कधी बोलले नाहीत.’ ही गोष्ट आमच्या मावशीच्या तोंडून मीही ऐकली आहे. मावशीच्या मते पणजोबांनी सावकाराचे पैसे बुडवले होते. ते मात्र अण्णांनी फॉर्ममध्ये लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी कुरिअर आलं, आणि त्यात पणजोबा बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांचे पुत्र झालेले. 1875 साली मल्हाररावांना पदच्युत केल्यावर विश्वासू सेवकांनी बाळ रातोरात नवसारीला नेलं, अण्णांच्या घराण्याचं नाव दिलं, आणि ‘खरा वारस’ कारकुनी करत वाढला, असा मजकूर. खाली रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, शिक्का.

मी इतिहासाचा माणूस नाही. आजोबांच्या ट्रेडल मशीनपासून आमच्या घरात कागद आणि शाई आहे, तेवढंच. म्हणून आधी फ्रेम उलटी केली, पिना काढल्या आणि कागद बाहेर घेतला. पुढून तपकिरी, मागून पांढराशुभ्र. दीडशे वर्षांचा कागद एका बाजूनेच म्हातारा होतो काय? कागद ओळखीचा निघाला, 220 जीएसएमचा टेक्स्चर बोर्ड, मी साखरपुड्याच्या कार्डांना तोच वापरतो. भिंग लावलं तर तपकिरी डागांत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. उजव्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं दाखवलंय तेही छापलेलं, सावलीसकट. बोट फिरवा, कागद सलग लागतो.

लिपी ‘मोडी’ आहे असं पुस्तिकेत म्हटलंय. ती मोडी नाही. देवनागरीचा एक फॉन्ट तिरका केलाय. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो, बोरू फारसा उचलत नाही. इथे प्रत्येक शब्द सुटा आहे आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे. अण्णांचं आडनाव जिथे येतं तिथे दोन्ही बाजूंना जागा जास्त सुटली आहे. ज्याने कधी पाचशे पाकिटांवर वेगवेगळी नावं छापली आहेत त्याला ही जागा बरोबर कळते. साचा एक, नाव बदलत जायचं. त्यांच्याच साइटवर इंदूरच्या कुणा ‘होळकर वारसा’चा नमुना आहे. कोपऱ्यातला उंदीर तोच.

पण मला खरं हसू आलं ते तारखेला. ‘शके 1875, वैशाख.’ अहो, मी रोज पत्रिकांवर शके छापतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे माझ्याकडे कामाला येणारा पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. शके 1875 म्हणजे 1953. मल्हारराव 1882 साली वारले. बडोदा संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे या दस्तानुसार राजे जाऊन एकाहत्तर वर्षं, संस्थान जाऊन चार वर्षं झाल्यावर रेसिडेंटसाहेब शिक्का मारायला परत आले. अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, ‘लिहिणाऱ्याची चूक असेल, आशय बघ.’

बरं, आशय बघू. मल्हाररावांच्या आधी गादीवर असलेले त्यांचे भाऊ खंडेराव महाराज 1870च्या नोव्हेंबरात वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा होतो का याची वाट बघण्यात गादीचा निर्णय अडला. जुलै 1871मध्ये मुलगी झाली आणि गादी दिरांकडे, मल्हाररावांकडे कायम झाली. पुढे 1874 साली रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचं प्रकरण झालं, चौकशी आयोग बसला, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद, आणि त्यांचं मत तीन-तीन असं फुटलं. तरी सरकारने 1875च्या एप्रिलमध्ये गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना काढलंच. मद्रासला पाठवलं. आणि जाहीरनाम्यात ते आणि त्यांची संतती या दोघांचाही हक्क संपला असं स्पष्ट लिहिलं.

मल्हाररावांना लक्ष्मीबाईंपासून मुलगा होता, हे खरं आहे. पण तो गुपित नव्हता. सगळ्या शहराला माहीत होता, सरकारला माहीत होता, आणि रक्ताचा असूनही त्याला गादी मिळाली नाही. मिळाली कोणाला? मालेगावजवळच्या कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांच्या गोपाळला. बारा वर्षांचा मुलगा, दूरच्या शाखेतला. जमनाबाईंनी 27 मे 1875 रोजी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. ज्याच्या नावाने युनिव्हर्सिटी आहे, ज्याच्या बागेत आपण मुलांना आगगाडीत बसवतो, तो राजा बडोद्याला मिळाला तो दत्तकविधानाने, भर दिवसा, सगळ्यांसमक्ष. ग्वाल्हेरला जनकोजी शिंदे 1827 साली दत्तक, त्यांच्यानंतर 1843 साली जयाजीराव दत्तक. आपल्या मराठी संस्थानांत गादी अशी चालली. विधी झाला, साक्षीदार बसले, वरच्या सरकारने मान्य केलं की राजा. नाही केलं मान्य तर झाशी होते. अशा गावात ‘लपवलेलं रक्त’ विकणाऱ्याने निदान गिऱ्हाइकाच्या गावाचा इतिहास वाचून यावं.

झाशीवरून आठवलं. खराखुरा लपलेला वारस बघायचा असेल तर राणीचे दामोदरराव आहेत. तेही दत्तकच. 1858 नंतर जंगलांतून लपतछपत राहिले, मग इंग्रजांपुढे हजर झाले, इंदूरला सरकारी पेन्शनवर आयुष्य काढलं आणि 1906 साली तिथेच वारले. त्यांची ओळख लपून राहिली नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे म्हणजे सरकारला माणूस नावानिशी माहीत असावा लागतो.

सोबतच्या बारा पानी पुस्तिकेबद्दल. छपाई बरी, पण मधली पिन बाजूला गेलीय. मजकूर असा की नानासाहेब पेशवे सिहोरला साधू म्हणून राहिले, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ परत आले, रशियाची राजकन्या अनास्तासिया बर्लिनला सापडली, म्हणून ‘राजरक्त लपतं पण संपत नाही’. तिन्ही गोष्टी अर्ध्यावर सोडल्या आहेत, आणि मजा सगळी पुढच्या अर्ध्यात आहे. 1874 साली ग्वाल्हेरला एका माणसाने आपण नानासाहेब असल्याचं सांगितलं, खुद्द जयाजीरावांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केलं, आणि चौकशीत तो नानासाहेब नाही असं ठरलं. भाऊसाहेबांचा तोतया तर आपल्याकडे शाळेपासून ठाऊक. हजारोंनी माणसं त्याच्यामागे गेली, 1776 साली पुण्यात त्याला ठार केलं. लोकांना फसवणं त्याला जमलं याचं मला नवल वाटत नाही. पानिपतात ज्यांच्या घरचं कुणी गेलं आणि प्रेत सापडलं नाही, त्यांना एक भाऊ परत आला तर आपलाही येईल असं वाटलं असणार. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्या आशेची अण्णांच्या फ्रेमशी तुलना करायलाही मला लाज वाटते.

अनास्तासियाचं प्रकरण डीएनएवाल्या पॅकेजसाठी महत्त्वाचं आहे, म्हणून नीट सांगतो. ती बाई, अ‍ॅना अँडरसन, 1920 साली बर्लिनच्या कालव्यातून बाहेर काढली गेली आणि 1984 साली मेली, तोवर निम्मं जग तिला राजकन्या मानत होतं. 1994 साली एका इस्पितळात जपून ठेवलेला तिच्या आतड्याचा तुकडा तपासला. झारिणीच्या माहेरकडचे नातेवाईक म्हणून इंग्लंडच्या प्रिन्स फिलिप यांचा नमुना होता, तो जुळला नाही. जुळला तो पोलंडकडच्या एका कामगार बाईच्या नातलगाशी. मुद्दा हा की डीएनए तपासायला दुसऱ्या बाजूने कोणाचा तरी खात्रीचा नमुना लागतो. या सेवेच्या अहवालात ‘राजघराण्याशी 68 टक्के साम्य’ असं छापून येतं. कोणत्या राजघराण्याशी, कोणाचा नमुना, कधी घेतला? एक ओळ नाही. ज्याचा एकवीस हजारांचा अहवाल मी पाहिला तो माझा गिऱ्हाईक गुजराती बोहरी, आणि त्यालाही 68 टक्केच.

गंमत म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारं एकच दमदार प्रकरण आहे आणि तेच पुस्तिकेत नाही. बंगालमधल्या भवाल जमीनदारीचा कुमार 1909 साली दार्जिलिंगला मेला, दहन झालं असं सगळे म्हणाले. 1921 साली एक संन्यासी ढाक्याला आला आणि लोकांनी त्याला कुमार म्हणून ओळखलं. खटला चालला, हजारावर साक्षीदार झाले, आणि 1936 साली संन्यासी जिंकला. हायकोर्टात जिंकला, 1946 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे शेवटच्या अपिलातही जिंकला, आणि निकालानंतर थोड्याच दिवसांत वारला. अंगावरच्या खुणा, पायाच्या कातडीचा खरखरीतपणा, ओळखीची माणसं, सगळं कोर्टात उघडं मांडून तपासलं गेलं. शोध म्हणतात तो याला. तीन आठवड्यांत कुरिअरने येत नाही तो.

आता ज्यांना खरंच आपलं घराणं बघायचं आहे त्यांच्यासाठी. साडेसात हजारांत दोन माणसं नाशिकला जाऊन येतात. तिथे आणि त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याचे उपाध्ये असतात, त्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. मूळ गाव, आडनाव, कुळाचं नाव आणि आजोबा-पणजोबांपैकी कोणी कधी यात्रेला गेलं असेल तर त्यांचं नाव सांगा. पणजोबांच्या स्वतःच्या हातची सही निघाली तर पोटात काय होतं ते तिथेच कळेल. वह्या मोडीत असतील तर वाचून दाखवतात. दक्षिणा तुमच्या खुशीची. इथल्या गुजराती शेजाऱ्यांकडे वहीवंचा बारोट येतात, त्यांच्या वह्यांत जन्म-लग्नं पिढ्यांनी लिहिलेली असतात. आणि पणजोबा खरोखर संस्थानच्या नोकरीत असतील तर बडोद्याच्या कोठी कचेरीतल्या दफ्तरखान्यात अर्ज करा. वेळ लागतो, पंखा गरगर आवाज करतो, पण जो कागद मिळतो तो दोन्ही बाजूंनी म्हातारा असतो.

सेवेच्या ग्राहक-कक्षाबद्दल थोडं. अण्णांच्या फोनवरून मीच शकाची चूक लिहून पाठवली. उत्तर आलं, ‘दस्त प्राचीन असल्याने तारखेत फरक संभवतो.’ पैसे परत मागितले तर ‘वंशावळीवर परतावा लागू नाही.’ नव्या तारखेची प्रत हवी असल्यास नऊशे रुपये.

अण्णांनी नऊशे भरले आहेत. पत्रिकेवर ‘श्रीमंत’ छापायला मी नाही म्हटलं नाही, गिऱ्हाईक आहे, भाऊ आहे, आणि बडोद्यात निम्म्या पत्रिकांवर ते असतंच. मोर्तब मात्र काढायला लावलं, त्या जागी गणपती टाकला. वहिनींनी प्रूफ वाचताना विचारलं की हॉलचा पत्ता का छोटा पडलाय, तर जागा मोर्तबाने खाल्ली होती. आता पत्ता बारा पॉइंटमध्ये व्यवस्थित बसलाय.

पाचपैकी एक तारा. तो फ्रेमला.