फ्लेम की फर्ग्युसन, बीएला कुठे?

मावसबहिणीची पोर बारावी झाली, इकॉनॉमिक्स की सायकॉलॉजी तेच ठरत नाहीये, आणि घरात पुण्यातली खासगी फ्लेम युनिव्हर्सिटी की फर्ग्युसन कॉलेज यावरून रोज वाद. ब्रोशरमधले हसरे फोटो बाजूला ठेवू.

पैसा. इथे तुलनाच नाही. फ्लेमचा खर्च वर्षाला लाखांत, वर हॉस्टेल, मेस. फर्ग्युसनची अनुदानित बीए हजारांत होते. फक्त बाहेरगावच्या पोरांनी रूमचं भाडं धरायला विसरू नका, हॉस्टेलच्या जागा कमी आणि त्या मेरिटवर.

अभ्यास. फ्लेममध्ये आधी चार विषय चाखून बघायचे आणि मेजर (मुख्य विषय) नंतर ठरवायचा, दुसऱ्या वर्षी डिस्कव्हर इंडिया म्हणून ग्रुपने देशात कुठेतरी जाऊन फील्डवर्क करायचं, ही गोष्ट मला खरंच आवडते. वर्ग छोटे, त्यामुळे शेवटच्या बाकावर लपता येत नाही. फर्ग्युसन ऑटोनॉमस आहे (अभ्यासक्रम स्वतः ठरवतं), आता मेजर-मायनर (मुख्य आणि जोडविषय) तिथेही आलंय, पण विषय बराचसा आधीच ठरवून जावं लागतं.

लाइफ. फ्लेमचा पुण्याबाहेर लवळ्याला डोंगरात कॅम्पस, बहुतेक जण तिथेच राहतात, शांत आहे पण शहर लांब. फर्ग्युसनला मागे टेकडी, समोर वैशाली हॉटेलचा डोसा, आणि सांगली-लातूरपासून सगळीकडची पोरं (१८८५चं कॉलेज, माजी विद्यार्थी तर गल्लोगल्ली).

विषय पक्का असेल, एमए किंवा एमपीएससी डोक्यात असेल तर सरळ फर्ग्युसन. गोंधळ असेल आणि कर्ज न काढता परवडत असेल, किंवा चांगली स्कॉलरशिप मिळत असेल, तरच फ्लेम.